‘समजलं ना?’ ‘हो, समजलं!’

मिरज, धुळे किंवा नांदेडच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून ओपीडीच्या रांगेत उभा राहिलेला माणूस शेवटी ज्या डॉक्टरसमोर पोचतो, तो डॉक्टर पुष्कळदा महाराष्ट्रातला नसतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे निवासी डॉक्टर कधी जयपूरचा असतो, कधी पाटण्याचा, तर कधी कोट्टयमचा. त्याला मराठी येत नाही हे पेशंटला पहिल्या वाक्यातच कळते आणि तो हिंदीवर येतो. सिनेमा, टीव्ही आणि बाजारात उचललेली ही हिंदी असते. डॉक्टरही सावकाश, सोप्या शब्दांत विचारतो. पाच मिनिटांत तपासणी उरकते, औषधे लिहून दिली जातात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. आपले बोलणे समोरच्याला कळले, असे दोघांनाही वाटते.

बहुतेक वेळा ते कळलेलेही असते. पण सांगली-साताऱ्याकडच्या शेतकऱ्याला डॉक्टरने ‘दस्त लग रहे हैं क्या?’ असे विचारले, तर त्याच्या डोळ्यांसमोर दुय्यम निबंधकाचे कार्यालय उभे राहते. हिंदीत दस्त म्हणजे जुलाब, मराठीत दस्त म्हणजे नोंदणीचा कागद. उलट पेशंटने ‘जुलाब हो रहा है’ म्हटले, तर हिंदीत जुलाब हे पोट साफ करायच्या औषधाचेही नाव आहे. ‘पोटात कळ येते’ यातली ‘कळ’ अमराठी कानाला सहज ‘कल’ वाटते, आणि मग काल दुखले की आज दुखते आहे, यावरच गाडी अडते. एवढ्याने कोणाचा जीव जात नाही. दोन-तीन प्रश्न जास्त विचारले की उलगडा होतो, कारण समोरचा गोंधळला आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, तो गैरसमज खरा धोक्याचा.

घराण्याचा आजार विचारतानाचे उदाहरण घ्या. पंचेचाळिशीचा माणूस छातीत दुखते म्हणून आला आहे. डॉक्टर विचारतो, घरात कोणाला हृदयविकार होता का? तो सांगतो, ‘दादा को अटॅक आया था.’ हिंदी भाषक डॉक्टरसाठी दादा म्हणजे आजोबा. म्हाताऱ्या आजोबांना झटका आला होता, यात विशेष काही नाही. तो मान डोलावून पुढे जातो. मराठी घरात दादा म्हणजे थोरला भाऊ. भाऊ किंवा वडील यांना वयाच्या ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झालेला असेल, तर हृदयरोगाचा धोका मोजताना डॉक्टर ती बाब जमेस धरतात. दोघांनी एकच शब्द वापरला, दोघांना तो अगदी स्पष्ट कळला आणि केसपेपरवर मात्र चुकीची माहिती गेली. मराठी घरांत गुंतागुंत आणखीही आहे. कितीतरी घरांत वडिलांनाच दादा, भाऊ, अण्णा, नाना, आबा किंवा काका म्हणतात. ‘भाऊंना साखर होती’ हे वाक्य मराठी डॉक्टरलाही चकवू शकते. ‘भाऊ म्हणजे तुमचे कोण?’ हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात, पण उत्तर आधीच मिळाले आहे असे वाटत असताना तो सुचणार कसा?

हिंदी आणि मराठी यांच्यात असे शब्द ढिगाने आहेत. हिंदीतली ‘शिक्षा’ शाळेत मिळते, मराठीतली तुरुंगात. हिंदीत ‘आपत्ति’ नोंदवतात, मराठीत आपत्ती कोसळते. हिंदीत ‘चेष्टा’ करणारा प्रयत्न करत असतो, मराठीत चेष्टा करणारा थट्टा. ‘संशोधन’ हिंदीत कायद्याच्या मसुद्यात होते, मराठीत प्रयोगशाळेत. उत्तरेतल्या कोर्टकचेऱ्यांत ‘राज़ीनामा’ म्हणजे दोन पक्षांनी आपसात मिटवल्याचा कागद. मराठी माणूस राजीनामा देतो तो नोकरीचा. लिपीही एकच असल्यामुळे फसगत वाढते. तमिळ पाटी समोर आली तर मराठी माणूस तिच्यापुढे थांबतो, कोणाला तरी विचारतो. हिंदी पाटी मात्र तो चालता चालता वाचून टाकतो.

शरीराच्या दुखण्याबद्दल बोलताना मराठी भाषा फार बारकाईने बोलते, आणि पुष्कळदा आडवळणाने. ठणका वेगळा, ठुसठुस वेगळी, चमक वेगळी, उसण वेगळी. ताप चढण्याआधी कणकण येते, अंग मोडून येते. एकट्या ‘अंग’ या शब्दाभोवती केवढे तरी आजार आणि अवस्था बांधल्या गेल्या आहेत. दुखणे ‘अंगावर काढले’ म्हणजे उपचार न घेता सोसले. मूल ‘अंगावर पिते’ म्हणजे आईचे दूध पिते. बाई ‘अंगावरून जातं’ म्हणाली, तर तो पांढरा किंवा लाल स्राव असतो. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात झाला. शेवटची दोन वाक्ये एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की अर्धवट मराठी शिकलेल्या माणसाने गल्लत करावी. त्यातल्या एका वाक्यामागे घड्याळ टिकटिकत असते: मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

‘नागीण’ हा तर भाषेतला खास मराठी नमुना. कमरेभोवती किंवा छातीच्या एका बाजूला फोडांचा पट्टा उठतो, आग होते आणि घरचे म्हणतात, नागीण झाली. तिचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस दगावतो, अशी समजूत गावोगावी आहे. हा कांजिण्यांच्याच विषाणूने होणारा आजार आहे आणि त्यावरचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केले तर चांगला उपयोग होतो. नव्याने आलेल्या परराज्यातल्या डॉक्टरला या शब्दातून साप दिसला, तर त्याला दोष कसा देणार? तसेच ‘उन्हाळी लागली’ हे वाक्य. ऐकणाऱ्याला वाटावे ऊन बाधले. प्रत्यक्षात लघवीला जळजळ होते आहे. ‘झटका आला’ यात तर मराठी डॉक्टरलाही लगेच कळत नाही की हृदयविकाराचा, अर्धांगवायूचा की फिटचा. ‘पित्त झालं’ म्हणजे आंबट ढेकरा आणि छातीत जळजळ. ‘पित्त उठलं’ म्हणजे अंगावर गांधी. आणि छातीत भरून आल्यावर ‘पित्त असेल’ म्हणून सोड्याचे पाणी पिऊन रात्र काढणारी माणसे घराघरांत आहेत.

बायकांच्या बाबतीत आडवळण आणखी लांब जाते. पाळीला ‘अडचण’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’. गर्भारपणाला ‘दिवस गेले’. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजारांपैकी एखादा तरी आजार होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. यामागे गरिबी होती, दवाखान्याचे अंतर होते, लाज होती. पण ज्या दुखण्याचे नाव उघडपणे घ्यायचेच नाही असे लहानपणापासून शिकवले गेले, ते दुखणे परक्या पुरुष डॉक्टरला परक्या भाषेत सांगणार कसे, हाही प्रश्न त्यात होताच.

एका शब्दावरून किती अनर्थ होऊ शकतो, याचे वैद्यकशास्त्रात नेहमी दिले जाणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९८० च्या जानेवारीत दक्षिण फ्लोरिडातल्या एका रुग्णालयात १८ वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत आणले गेले. घरची माणसे क्यूबाहून आलेली, स्पॅनिश बोलणारी. मुलाला काहीतरी खाण्यातून बाधले असावे असे त्यांना वाटत होते, आणि त्यासाठी त्यांच्याकडे रोजचा शब्द होता, ‘इन्तोक्सिकादो’. डॉक्टरांना त्याच्याशी जुळणारा इंग्रजी शब्द ऐकू आला, ज्याचा अर्थ नशेत असलेला. त्यांनी अमली पदार्थाचा अतिरेक समजून उपचार सुरू केले. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो उमगेपर्यंत दोन दिवस गेले. मुलगा वाचला, पण त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढे नुकसानभरपाईचा दावा सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरवर मिटला.

या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील रकमेचा नाही. दुभाषा बोलवावा असे त्या दिवशी रुग्णालयात कोणालाच वाटले नव्हते. घरच्यांना थोडे इंग्रजी येत होते आणि आपले बोलणे नीट चालले आहे, अशीच दोन्ही बाजूंची समजूत होती. स्पॅनिशऐवजी कोणाला अजिबात न कळणारी भाषा असती, तर रुग्णालयाने धावाधाव करून कोणाला तरी गाठले असते, आणि कदाचित तो मुलगा आपल्या पायांवर घरी गेला असता.

दुभाषा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. २००३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या बालरोग दवाखान्यात स्पॅनिश भाषक आया आणि इंग्रजी बोलणारे डॉक्टर यांच्या १३ भेटी ध्वनिमुद्रित करून त्या शब्दन् शब्द तपासल्या गेल्या. दुभाष्यांच्या ३९६ चुका सापडल्या, म्हणजे दर भेटीला सरासरी ३१. त्यांपैकी ६३ टक्के चुकांचे उपचारांवर परिणाम होऊ शकले असते. ऐनवेळी पकडून आणलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत हे प्रमाण ७७ टक्के होते, रुग्णालयाने नेमलेल्यांच्या बाबतीत ५३. चुकांचे नमुने वाचताना अंगावर काटा येतो. औषधाची अॅलर्जी आहे का, हा प्रश्नच गाळला गेला. चेहऱ्यापुरते लावायचे मलम सगळ्या अंगाला लावायला सांगितले गेले. कान दुखणाऱ्या मुलाला तोंडाने द्यायचे प्रतिजैविक दोन्ही कानांत घाला, असे एका आईला सांगण्यात आले. त्या आईने मान डोलावली असणार. डॉक्टरलाही सगळे पोचले असेच वाटले असणार.

आपल्याकडे हे काम बहुधा घरातल्या शाळकरी मुलावर येऊन पडते. मुंबई-पुण्यात बांधकामावर आलेल्या कुटुंबात आईवडिलांना तेलुगू किंवा ओडिया येते आणि तिसरी-चौथीतल्या मुलीला शाळेमुळे मराठी. मग बँकेत, रेशन दुकानात आणि दवाखान्यात तीच बोलते. आईच्या पाळीबद्दल डॉक्टरांचा प्रश्न आईला विचारायचा आणि उत्तर परत सांगायचे, हे नऊ वर्षांच्या मुलीने कसे करावे? ती गाळते, बदलते, लाजते. अमेरिकेत आरोग्यसेवेच्या नियमांनी तातडीचा प्रसंग सोडून अल्पवयीन मुलांना दुभाषे म्हणून वापरायला मनाई केली आहे. ऑस्ट्रेलियाने तर १९७३ मध्येच टेलिफोनवरून दुभाषा पुरवणारी सरकारी सेवा सुरू केली. ती आजही चालते. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत हे काम सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या नातेवाइकांच्या भरवशावर चालते. नवा निवासी डॉक्टर मराठी शिकतो तोही बरेचदा वॉर्डातल्या सिस्टरकडूनच. ‘उन्हाळी’ म्हणजे काय, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात त्याला सापडत नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला जो पायाभूत कालखंड आला, त्यात स्थानिक भाषेचा समावेश आहे. हे चांगलेच झाले. पण पहिल्या वर्षी शिकलेली भाषा पदव्युत्तर शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात गेल्यावर कामाची राहत नाही.

मेळघाटात मराठी डॉक्टर स्वतःच परभाषक ठरतो. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत बोलली जाणारी कोरकू ही संथाली-मुंडारीच्या कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. २०११ च्या जनगणनेत तिचे सात लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले. गडचिरोलीच्या भामरागड भागातली माडिया ही गोंडीची बोली, म्हणजे द्रविड कुळातली. नंदुरबारच्या भिली बोली पुन्हा आर्य कुळातल्या. एकाच राज्यात तीन वेगवेगळी भाषाकुळे नांदतात, आणि सरकारी फलक, लसीकरणाच्या चिठ्ठ्या, औषधांच्या सूचना मात्र प्रमाण मराठीत. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदा आमटे १९७३ मध्ये हेमलकशाला गेले तेव्हा माडिया लोक सुरुवातीला त्यांच्याकडे फिरकतच नव्हते. त्यांनी माडिया शिकून घेतली. त्यासाठी ना पुस्तक होते ना शिक्षक; ऐकत, विचारत, लिहून ठेवत ते शिकावे लागले. आज हे काम मोठ्या प्रमाणावर करते ती आशा कार्यकर्ती. २००५ पासूनच्या या योजनेत ती त्याच गावात राहणारी बाई असावी, अशी अट आहे, आणि मेळघाटासारख्या भागात ही एक अट फार उपयोगाची ठरली. डॉक्टर मराठीत बोलतो, ती कोरकूत सांगते आणि पेशंटचे बोलणे परत मराठीत आणते.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे दवाखान्यांच्या कितीतरी आधी लक्ष दिले. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत भर न्यायालयात समजावून सांगितली पाहिजे, असे फौजदारी प्रक्रियेचा कायदा सांगतो. त्याहूनही कडक भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात घेतली. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायद्याखाली पकडलेल्या माणसाला अटकेची कारणे इंग्रजीत दिली गेली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीत मागितली. पोलिस अधिकाऱ्याने ती तोंडी समजावून सांगितली आहेत, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. संविधानाने कारणे ‘कळवायला’ सांगितले आहे, आणि ज्याला त्याविरुद्ध निवेदन करायचे आहे त्याला ती वाचता, उलगडता आली पाहिजेत. स्थानबद्धता रद्द झाली. पुढे गुजरातीच जाणणाऱ्या लल्लुभाई पटेल यांच्या खटल्यातही न्यायालयाने हाच निकष लावला. ‘समजावून सांगितले’ एवढी नोंद पुरेशी नाही, समजल्याचा पुरावा हवा, हा विचार तिथे ठामपणे मांडला गेला. रुग्णालयातल्या संमतिपत्रावर अंगठा घेताना तोच विचार लावला, तर किती अंगठे ग्राह्य ठरतील?

हा पुरावा क्षणाक्षणाला मागणारे एक क्षेत्र आहे, आणि त्याने ती शिस्त फार मोठी किंमत मोजून मिळवली. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली. ५८३ माणसे गेली. डच विमानातून रेडिओवर आलेल्या वाक्याचा अर्थ, विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे असा नियंत्रकाने घेतला. विमान तर धावू लागले होते. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला. १९९० च्या जानेवारीत कोलंबियाचे विमान न्यूयॉर्कवर घिरट्या घातल्यानंतर इंधन संपून कोसळले आणि ७३ जण दगावले. इंधन संपत आल्याचे सहवैमानिकाने रेडिओवर सांगितले होते, पण ज्याने नियंत्रकाचे कान टवकारले असते तो ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याच्या तोंडून शेवटपर्यंत आला नाही.

भारताने हे १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी भोगले. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ विमान वर चढत होते. त्यात आखाती देशांत कामाला निघालेले बरेच भारतीय होते. समोरून कझाकस्तानचे इल्यूशिन दिल्लीकडे उतरत होते. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहायला सांगितले होते, कझाक विमानाला १५ हजारांवर. मध्ये एक हजार फूट मोकळे राहायला हवे होते. हरियाणातल्या चरखी दादरीवर ती दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्ही विमानांतली मिळून सर्वच्या सर्व ३४९ माणसे मरण पावली. हवेत झालेल्या टकरींमध्ये इतकी जीवितहानी दुसऱ्या कुठल्याच टकरीत झालेली नाही. इल्यूशिनमध्ये नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्यासाठी वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. विमान चालवणारे आणि बोलणारे वेगळे. सोव्हिएत परंपरेतल्या या वैमानिकांना उंची मीटरमध्ये मोजायची सवय होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक विमान परवानगीशिवाय खाली उतरल्याचा ठपका ठेवला आणि त्याच्या वैमानिकांच्या अपुऱ्या इंग्रजीमुळे सूचनांचा चुकीचा अर्थ लावला गेल्याचेही नमूद केले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पुढे वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी भाषेची सहा पायऱ्यांची परीक्षा आणली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पायरी गाठावी लागते. इंग्रजी ही मातृभाषा असलेल्यांनीही म्हणी-वाक्प्रचार आणि भरभर बोलणे टाळून सर्वांना कळेल असे बोलायचे, ही अपेक्षा त्यात आहे.

या सगळ्या नियमांतला सर्वांत साधा नियम असा: ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवायची. नियंत्रक म्हणतो, १५ हजार फूट. वैमानिकाने ‘समजलं’ म्हणून चालत नाही, १५ हजार हा आकडा स्वतःच्या तोंडाने परत सांगावा लागतो, आणि नियंत्रकाने तो लक्ष देऊन ऐकावा लागतो. आकडेही एकेक सुटे उच्चारायचे. नऊचा उच्चार मुद्दाम ‘नायनर’ करतात आणि पाचचा ‘फाइफ’, म्हणजे खरखरत्या रेडिओवर एक दुसऱ्यासारखा ऐकू येत नाही.

आकड्यांची ही अडचण आता मराठी घरात शिरली आहे. आजी फोन नंबर सांगते, ‘अठ्ठ्याण्णव, एकोणसाठ, त्र्याहत्तर...’ आणि इंग्रजी शाळेतला नातू अडखळतो. एकोणसाठ म्हणजे साठाच्या पुढचे की मागचे? त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशी यांत नेमका फरक कुठे? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद पेटला. जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट क्रमाने बोलायची ही नावे लहान मुलांना जड जातात, दक्षिणेतल्या भाषांत संख्या लिहिल्या तशाच क्रमाने वाचल्या जातात, असे गणित समितीच्या डॉ. मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितले होते. जुनी नावेही पुस्तकात ठेवलेली होती. वाद व्यवहारापेक्षा अस्मितेवर जास्त झाला. व्यवहारात मात्र एकाच घरातल्या दोन पिढ्या एकमेकांना इंग्रजीत आकडे सांगू लागल्या आहेत, आणि ज्या आजीला इंग्रजी आकडे येत नाहीत तिची पंचाईत होते. ‘दीड गोळी’, ‘अडीच चमचे’, ‘पावणेआठला’ हे शब्दही नातवाला विचारूनच घ्यावे लागतात.

विमानातली परत म्हणायची पद्धत आता डॉक्टरांनाही शिकवली जाते. समजले का, असे पेशंटला विचारायचेच नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ येते. डॉक्टरला वेळ नाही, रांग मोठी आहे, आपण अडाणी ठरू नये, इतकी सगळी कारणे त्या ‘हो’मागे असतात. त्याऐवजी पेशंटलाच सांगायला लावायचे. औषधाच्या दुकानातही हे करता येते. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावर दुकानदार पेनाने १-०-१ लिहितो आणि विचारतो, ‘मावशी, घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल? ही गोळी कशी घ्यायची?’ मावशी सांगतात, ‘एक सकाळी, एक रात्री. आणि उपवासाच्या दिवशी नाही.’ पाकिटावर उपवासाचा शब्दही नव्हता आणि कोणी तो विचारलाही नव्हता. सोमवार, चतुर्थी, दोन एकादश्या धरल्या तर महिन्यातले सात-आठ दिवस गोळीविना जात होते. दुकानदार तिथेच फोन लावून डॉक्टरांशी बोलतो, आणि गोळी पाण्यासोबत घेतली तर उपवास मोडत नाही, हे मावशींना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवतो.